पाट भरून वाहतो. टेलला पाणी नाही

दिवाळीच्या अंकात हृदयविकारावर लिहिणे म्हणजे लग्नघरी जाऊन मृत्युपत्राची चौकशी करण्यासारखे आहे, हे मला कळते. तेव्हा आधीच सांगून टाकतो की माझे भांडण फराळाशी नाही. करंजी वर्षातून चार दिवसांची पाहुणी. तिच्यावर आळ घेऊन उरलेल्या तीनशे एकसष्ट दिवसांची पापे लपविणे हा आपला जुना खेळ आहे. माझे भांडण एका शब्दाशी आहे. तो शब्द 'नॉर्मल'. जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात अडतीस वर्षे डॉक्टरकी केली. या शब्दाने जितकी माणसे निश्चिंत होऊन घरी गेली आणि तितकीच फसली, तितकी कोणत्या भोंदू वैद्यानेही फसविली नसतील. फसविणाऱ्यांत मीही होतो, म्हणून हा लेख.

माझ्या थोरल्या भावाची बायको, माझी वहिनी, हिच्यापासून सुरुवात करतो. नाते सांगितले, नाव सांगत नाही; छापलेले तिला आवडणार नाही. त्या वेळी वय एक्कावन्न. उंची दीड मीटर, वजन बावन्न किलो. हातापायांच्या काड्या, अंगात लुगडे नेहमी ढगळ, आणि कामाला अशी की चार गडी मागे पडावेत. गावात तिला सगळे 'काटक' म्हणत. एकदा ती ओटीवर येऊन बसली आणि म्हणाली, "भाऊजी, गवताचा भारा घेऊन बांध चढले का छातीवर कुणी वरवंटा ठेवल्यागत व्हतं. खाली बसलं का जातं."

हे वाक्य एखाद्या पुरुषाने उच्चारले असते, तर मी त्याला दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीने पुण्याला धाडले असते. चढताना येणारी आणि बसल्यावर जाणारी कळ म्हणजे काय, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही पाठ असते. पण समोर बाई होती, आणि तीही बारीक. बाईच्या छातीत दुखते ते पित्ताने किंवा सासूने, असे आमचे वैद्यक होते. मी तिला पित्ताच्या गोळ्या दिल्या. दोन वर्षे दिल्या. पुढे एका गणेशजयंतीला लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना ती तीन वेळा टेकली. डोलीवाले मागे लागले, तिने त्यांना हात हलवून घालविले, आणि चौथ्यांदा टेकली ती उठेना.

मग मोठ्या शहरातले मोठे रुग्णालय. मनगटातून नळी घालून हृदयाच्या रोहिण्यांचे चित्र काढले. तिन्ही रोहिण्या स्वच्छ. "ब्लॉकेज नाही. सगळे नॉर्मल आहे. मनाला फार लावून घेऊ नका," असे सांगून तिला घरी पाठविले. पुतण्याने वाटेत नारायणगावला थांबून पेढे घेतले आणि गल्लीत वाटले. मीही दोन खाल्ले. आठ दिवसांनी वहिनी पुन्हा बांध चढली आणि पुन्हा वरवंटा छातीवर आला. फरक इतकाच की आता तिने तो कुणाला सांगितला नाही. यंत्राने खोटे ठरविल्यावर सांगायचे कोणत्या तोंडाने?

आमच्या भागातल्या वाचकांना हा प्रकार समजावून सांगायला वैद्यकाची पोथी लागत नाही. कुकडी प्रकल्प पुरेसा आहे. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे अशी पाच धरणे. कालव्याला आवर्तन सुटले की पुलावर उभे राहून पाहावे, पाट काठोकाठ वाहताना दिसतो. त्या पुलावरून फोटो काढून कोणी म्हणाला की पाणीपुरवठा नॉर्मल आहे, तर त्याला खोटारडा म्हणता येणार नाही. पण पारनेर-श्रीगोंद्याकडच्या किंवा करमाळ्याच्या टेलच्या शेतकऱ्याला तो फोटो दाखवून पाहा! पिकाला पाणी मिळते ते पाटातून नव्हे, पोटचारीतून. पोटचारी गाळाने भरलेली, दार गंजून अर्ध्यावर अडकलेले, तर वरच्या पाटाच्या भरलेपणाचे त्याला काय कौतुक?

हृदयाचे असेच आहे. चित्रात दिसतात त्या तीन रोहिण्या म्हणजे मुख्य पाट आणि त्याच्या शाखा. अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक अशा असंख्य वाहिन्या त्या चित्रात दिसतच नाहीत, आणि रक्त किती सोडायचे हे प्रत्यक्षात त्याच ठरवितात. माणूस स्वस्थ बसलेला असताना त्याचे हृदय स्वतःसाठी मिनिटाला जेमतेम पाव लिटर रक्त घेते. सबंध शरीराला पाठविलेल्या रक्ताचा विसावा हिस्सा. एवढ्या रक्तातला सत्तर टक्क्यांहून अधिक प्राणवायू ते विश्रांतीतही पिळून घेते. इतर स्नायूंना गरज वाढली तर त्याच रक्तातून अधिक प्राणवायू काढून घेता येतो. हृदयाला ती सोय नाही. त्याची वाटी आधीच चाटूनपुसून झालेली असते. भारा घेऊन बांध चढायचा तर त्याला रक्तच जास्त हवे, आणि निरोगी हृदयात ते तिप्पट-चौपट वाढते. त्यातही मौज अशी की आकुंचन पावताना हृदय स्वतःच्याच बारीक वाहिन्या दाबून टाकते, म्हणून त्याला मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात पाणी भरून घ्यावे लागते. धाप लागली, ठोके वाढले, की आवर्तन तेवढेच आखूड.

आता वहिनीच्या रक्ताचे कागद पाहा. रक्तदाब १४०-९०, 'थोडा आहे'. उपाशीपोटी साखर ११२, 'बॉर्डरवर आहे'. रक्तातले ट्रायग्लिसराइड २१०. 'तेलकट कमी खा'. चांगले म्हणतात ते कोलेस्टेरॉल ३६, 'बायकांत असतेच'. हे चार शेरे माझ्याच हातचे आहेत. पाचवा आकडा मी कधी घेतलाच नव्हता, तो म्हणजे कमरेचा घेर. पुढे घेतला तेव्हा तो ८८ सेंटिमीटर भरला. या पाचांपैकी तीन जमले की वैद्यक त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणते. आपण चयापचयाचा बिघाड म्हणू. वहिनीकडे पाचही होते. पाचही 'थोडे थोडे', म्हणून एकाचीही तक्रार कुणी नोंदविली नाही. एकाच शेतात पाच जण रोज एकेक कणीस चोरत असले, तर कुणाला चोर म्हणायचे, असाच तो पेच.

हे पाच जण मिळून बारीक वाहिन्यांचे काय करतात? वाहिनीच्या आतल्या अस्तरातून एक वायू पाझरतो, नायट्रिक ऑक्साइड; तोच तिला सैल पडायला सांगतो. साखर, चरबी आणि चढलेला दाब यांच्या नित्य माऱ्याने ते अस्तर रोगट होते, हुकूम सुटत नाही, भिंती जाड होतात. दार अर्ध्यावर अडकते. स्वस्थ बसल्यावर पाणी पुरते. काम काढले की पुरत नाही. मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्या माणसांत हा राखीव पुरवठा घटलेला असतो, हे आता अनेकांनी मोजून दाखविले आहे. आणि मोठ्या रोहिण्या मोकळ्या असूनही ज्यांचा राखीव पुरवठा घटला आहे, त्यांना हृदय थकून रुग्णालयात पडण्याचा व मृत्यूचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. 'नॉर्मल' म्हणून घरी पाठविलेल्यांची ही कथा आहे.

आणि हे ज्ञान कालचे आहे काय? १९७२ साली अमेरिकन हार्ट जर्नलमध्ये तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रोग्यांचे वर्णन केले, की ज्यांच्या छातीत कळ येई, रोहिण्या मोकळ्या असत, पण रंगद्रव्य त्यांतून सावकाश सरके. पुढे अशा रोग्यांत चयापचयाचा बिघाड अधिक दिसतो, हेही लक्षात आले. १९७३ मध्ये केम्प नावाच्या डॉक्टरने छातीची कळ आणि स्वच्छ रोहिण्या या कोड्याला 'सिंड्रोम एक्स' म्हटले. १९८८ मध्ये रीव्हेन यांनी दाब, साखर, चरबी यांच्या टोळीला नाव दिले, तेही 'सिंड्रोम एक्स'! एकाच नावाची दोन बिऱ्हाडे, एक हृदयवाल्यांच्या आळीत, दुसरे मधुमेहवाल्यांच्या. दोघांची पत्रे एकमेकांकडे जात राहिली असतील, पण त्यांचे नाते आहे हे कळायला बराच काळ गेला. १९९६ पासून अमेरिकेत अशा स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. छातीत दुखते पण रोहिण्या मोकळ्या, अशा ज्या स्त्रियांचा पुरवठा त्यात मोजला, त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या बारीक वाहिन्यांत दोष सापडला. निम्म्या! आणि आम्ही त्यांना मनाचे श्लोक वाचायला सांगत होतो.

१९७२ चा उल्लेख आला म्हणून थांबतो. आमच्याकडे ते वर्ष कुणाला वेगळे सांगावे लागत नाही. त्या दुष्काळात माणसे रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती, परदेशातून आलेली लाल मिलो खात होती, आणि त्या खडी फोडणाऱ्यांत पोटुशा बायाही होत्या. त्यांच्या पोटातल्या मुलांनी आता पन्नाशी ओलांडली आहे. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली. तेव्हा गर्भावस्थेच्या सुरुवातीच्या महिन्यांत असलेल्या मुलांना पुढे हृदयाच्या रोहिण्यांचा विकार अधिक झाल्याचे आढळले. आमच्या मुलांची अशी मोजदाद झालेली माझ्या पाहण्यात नाही. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत जे केले, ते प्रत्येक मराठी घरात ठाऊक असायला हवे होते. त्या खेड्यांतल्या आयांचे गर्भारपणापूर्वीचे सरासरी वजन बेचाळीस किलोंच्या आसपास. त्यांच्या बाळांचे सरासरी पावणेतीन किलोंच्याही आत; इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळाचे साडेतीन. बाळ हडकुळे, हे दिसतच होते. मोजल्यावर कळले की स्नायू कमी भरले, पोटातले अवयव लहान राहिले, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखली गेली. उपाशी आईच्या पोटात बाळाने काय साठवावे, तर चरबी! दुष्काळी मुलखातला जीव. त्याने जन्माआधीच कणगी भरून ठेवली.

२००४ साली लॅन्सेटमध्ये याज्ञिकांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघेही शिडशिडीत, उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा तोच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिकांचा व्यायाम लिफ्टचे दार मिटण्यापूर्वी धावण्यापुरता, ही थट्टाही त्यांनी तिथेच करून घेतली आहे. एवढे सोपे, एवढे हसतमुख विज्ञान आपल्याच जिल्ह्यात झाले, आणि आपण अजून वजनकाट्यावर उभे राहून 'मी बारीक आहे' असे एकमेकांना सांगतो आहोत.

या शरीरावर मग धरणाचे पाणी आले. बाजरीच्या जागी ऊस आला, टोमॅटो आला, नारायणगावचा बाजार भरू लागला. त्याबद्दल मी रडणार नाही. माझ्या आईने विहिरीच्या तळातून वाटीने पाणी भरलेले मी पाहिले आहे, आणि दारिद्र्याचे गोडवे गाणाऱ्यांचा मला संताप येतो. पण ज्या शरीराने गर्भात दुष्काळाची तयारी केली, त्याला सुगी मिळाली आणि तीही मोटारसायकलवर बसून! मालक बांधावर गाडी उभी करून फोनवर बोलतो, निंदणी-खुरपणी दुसऱ्याच्या हातांनी होते. पश्चिमेकडच्या डोंगरात, हिरडा गोळा करणाऱ्या घरांतूनही नाचणी-वरईची जागा रेशनच्या तांदळाने घेतली आहे. म्हणून हा रोग शहरातला, पैशाचा, असे जे म्हणतात त्यांनी जरा घोडेगावच्या पुढे जाऊन यावे.

आणि पोट सुटले तर आपण त्याचे कौतुक करतो! नारायणगाव तमाशाची पंढरी. वगातला सावकार उभा करायचा तर नटाने पोटाला उशी बांधली की झाले, प्रेक्षक ओळखतात. तीच उशी आता आम्ही कातडीच्या आत बांधून फिरतो. 'अंगाने भरला', 'खात्यापित्या घरचा', 'लग्न मानवले' अशी मंगलाष्टके आपण एका रोगावर म्हणतो. कमरेच्या आत, आतड्यांभोवती साठलेली ती चरबी नुसती पडून राहत नाही. ती यकृताला आणि रक्ताला रोज आपला हप्ता पाठविते. अमेरिकेने २००१ साली पुरुषाच्या कमरेची धोक्याची रेघ १०२ सेंटिमीटरवर ओढली होती. २००५ साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने आपल्यासारख्यांसाठी ती ९० वर आणली, स्त्रियांसाठी ८०. शिंप्याच्या भाषेत साडेपस्तीस आणि साडेएकतीस इंच. नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येताना दिसला, इतर देशांत ५९ च्या सुमारास. बहात्तरच्या मुलांचे वय मोजून पाहा.

यावर आमचा उपाय काय? स्टेंट. स्टेंटविरुद्ध मी बोलतो आहे असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. अचानक छातीत कळ उठली, घाम फुटला, हाताकडे-जबड्याकडे चमक गेली आणि थांबेना, तर हा लेख बाजूला टाकून १०८ ला फोन करावा. अशा वेळी रोहिणी तातडीने उघडण्याने जीव वाचतो. माझे म्हणणे स्थिर दुखण्याबद्दल आहे. त्यात आधी औषधे द्यावीत की आधी स्टेंट घालावा, याच्या २००७ आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, आधी स्टेंट घातल्याने मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषधी लेपाच्या स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली, तेव्हा आम्ही टाळ्या वाजविल्या, योग्यच केले. परंतु सुमारे दोन मिलिमीटरपेक्षा बारीक रोहिणीत जाईल असा स्टेंटच नाही. पोटचारीत जेसीबी घालता येत नाही. तिथे लागतो तो रोज फावडे घेऊन जाणारा माणूस: दाब आणि चरबी आटोक्यात ठेवणारी स्वस्त गोळी, ती चुकवू न देणारा जवळचा डॉक्टर, रोजची तासभर चाल, तंबाखूला रजा. यात फीत कापायला काही नाही, म्हणून पुढारी येत नाहीत. जनआरोग्य योजनेचा पैसाही मुख्यतः रुग्णालयात झोपविल्यावर मिळतो. चालायला लावण्याचे बिल कोणाच्या नावे काढणार?

शिबिरे होतात. मंडप, फलक, फलकावर हात जोडलेली मंडळी, वजनकाटा, दाब पाहण्याचे यंत्र, एका बाजूला बिस्किटांचे पुडे. कमरेची फीत मी क्वचितच पाहिली. आणि गंमत अशी की सरकारच्या कागदात ती आहे! आशाताई तीस वर्षांवरच्या माणसांचा जो तक्ता भरतात, त्यात कमरेच्या घेराचा रकाना आहे, आपल्या मापाचा, ९० आणि ८० चा. आमच्या गल्लीत एक ताई तो तक्ता घेऊन आली तेव्हा मी ओटीवर होतो. तिने फीत काढली तर बाया पदर तोंडाला लावून हसल्या. "आगं, लिही की काहीबी," असे म्हणून एकीने आपली कंबर अंदाजाने सांगितली, आणि ताईनेही लिहून घेतली. दिवसात पंचवीस घरे करायची तिला. तिला मी दोष देत नाही. जी कंबर लुगड्याच्या काष्ट्यात नि लाजेत गुंडाळली आहे, ती मोजण्याचा हक्क तिला आपण दिला आहे काय?

वहिनीची पुढची हकिकत थोडक्यात. दुसऱ्या एका डॉक्टराने रोहिणीत तार घालून, औषधाने वाहिन्या सैल करून, पुरवठा किती वाढतो ते मोजले. दुप्पटही झाला नाही, आकडा १.७. युरोपातल्या हृदयतज्ज्ञांच्या २०२४ च्या मार्गदर्शक नियमांनी अशा रोग्यांत, दुखणे थांबत नसेल तर, ही मोजणी करावी असे आता स्पष्ट सांगितले आहे. ती सर्वत्र होत नाही, स्वस्तही नाही. पण आकडा कळला त्या दिवशी वहिनी रडली. मला वाटले भ्याली असेल. ती म्हणाली, "भाऊजी, म्हंजे मी खोटं बोलत नव्हते." सात वर्षांत तिला माझ्याकडून एवढेच हवे होते, आणि मी तिला पित्ताच्या गोळ्या देत होतो.

आता ती तीन गोळ्या घेते, संध्याकाळी कालव्याच्या कडेने चालते, आणि भारा सुनेच्या डोक्यावर देण्याऐवजी मुलाच्या डोक्यावर देते. हा शेवटचा उपचार तिचा स्वतःचा. गेल्या वर्षी लेण्याद्री चढली. दोनदा टेकली, पण चढली.

लेख लिहायला बसण्यापूर्वी आमच्या पेठेतल्या शिंप्याकडे गेलो. जुना माणूस, तयार कपड्यांच्या दिवसांतही दिवाळीला त्याच्याकडे काही गिऱ्हाईक येते. त्याच्याकडे मापांच्या वह्या आहेत, तीस वर्षांच्या. मी त्या मागितल्या. नावे झाकून त्याने मला कमरेचे आकडे वाचून दाखविले: अठ्ठावीस, एकोणतीस, बत्तीस, चौतीस, सदतीस, तोच माणूस, तेच गाव. काही ओळी मध्येच संपत होत्या. त्या कुणाच्या, हे मी विचारले नाही. बहुतेकांच्या दाखल्यांवर सही माझीच असणार. उठता उठता त्याने सवयीने फीत माझ्याभोवती टाकली, चष्मा वर केला आणि वहीत लिहिले.

"डॉक्टर, सदतीस. मागल्या दिवाळीला छत्तीस व्हती."